डंकाच्या पायरीवरचं निळं पुस्तक

माझ्या दुकानाच्या पायरीवर कुणी बसलेलं मला खपत नाही. पायरी गिऱ्हाइकाची. मिरचीचं पोतं टेकवायचं, घाम पुसायचा आणि आत यायचं, एवढ्यासाठी ती आहे. पण मंगळवार पेठेतल्या सहावी-सातवीतल्या पोरांना हे कोण सांगणार? अधूनमधून एखादं कार्टं येऊन बसायचं, मांडीवर निळ्या पुठ्ठ्याचं तेच ते पुस्तक, आणि थोड्या वेळात ढसाढसा रडायला लागायचं. मी आतून ओरडायची, "ए, ऊठ की तिथनं! घर न्हाय व्हय तुला?" पोरगं नाक पुसत वर बघायचं आणि म्हणायचं, "काकू, मीनाआक्कानं हितंच बसून वाचायला सांगितलंय."

मग काय बोलणार, कपाळ? मीनाआक्काचं नाव आलं की आमच्या पेठेत वाद संपतो.

माझं दुकान म्हणजे 'अनुजा चटणी कांडप'. अनुजा मीच. आत दोन डंक आहेत, म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. ती उखळात धाडधाड पडतात आणि मिरचीची चटणी होते. होळीच्या आधीपासून उन्हाळा संपेपर्यंत बायका पाट्या घेऊन रांगेत असतात. नवीन माणूस आत आलं की ठसका लागून अर्धमेलं होतं. मला काही होत नाही. माझे डोळे या धंद्यात कधीच निबर झाले. मिरचीनं माझ्या डोळ्यांतून टिपूस येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत उतरतं. त्या उन्हात लाल धूळ हळूहळू वर जाते, खाली येते, कुठं जायची घाई नसल्यासारखी. डंकाचा ताल एकदा अंगात भिनला की मला उघड्या डोळ्यांनी डुलकी लागते. हात चाळणी हलवत असतात आणि मी भलतीकडंच असते. कधी माहेरच्या चिंचेखाली, कधी न बघितलेल्या गावात. माझा नवरा उदयसिंह म्हणतो, "ही डंक चालू करती आणि सोता बंद पडती." म्हणू दे. मीनाआक्का मला आठवते ती अशीच, त्या लालसर उन्हातून रस्ता ओलांडून येणारी.

माझ्या दुकानासमोर तालीम आहे. खाली कुस्तीचा आखाडा आणि वर माडी. माडीवर पोरांचं वाचनालय, ते मीनाआक्का सांभाळते. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद काय काय जिरवलेलं असतं. तो वास जिन्यानं वर चढतो आणि पुस्तकांत जाऊन बसतो. आमच्या माडीवरची कादंबरी कुणी घरी नेली की घरात पैलवान आल्यासारखं वाटतं.

मीनाआक्का म्हणजे मीनाबाई कांबळे. माहेर कुरुंदवाडचं. पेठेत बालवाडी चालवायची. ती रिटायर झाल्यावर तालमीच्या मंडळानं माडीची किल्ली तिच्या हातात दिली. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माडी फक्त सहावी ते आठवीच्या पोरांची.

मी विचारलेलं, "का गं आक्का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"लहानांना आया गोष्टी सांगत्यात, वैनी. नववी-धाव्वीच्या मागं क्लासवाले हायत. मधल्यांला कोण इचारतंय? ना धड ल्हान, ना धड मोठी. उगंच दार आपटत्यात आन् कोपऱ्यात जाऊन बसत्यात. ती माझी."

आणि पुस्तक द्यायची तिची रीत तर जगावेगळी. पोरगं जिना चढून आलं की ती कधी विचारायची नाही, तुला काय वाचायला आवडतं. ती विचारायची, "आज तोंड का वाकडं?" पोरगं काहीबाही सांगायचं. भावानं मारलं, गणितात उडालो, मैत्रीण बोलत नाही. ती ऐकून घ्यायची, कपाटाकडं बघत राहायची आणि मग एक पुस्तक काढून द्यायची. पण नुसतं पुस्तक नाही. पुस्तकाबरोबर जागा द्यायची. हे कुठं बसून वाचायचं, ते सांगायची.

समुद्रावरची कादंबरी असली तर रंकाळ्याच्या काठावर, वारं तोंडावर येईल असं बसून. भुतांच्या गोष्टी भर दुपारी गच्चीवर. "घाबरलं की आपली सावली तरी संगट असती," म्हणायची. सुरुवात रटाळ आणि पुढं बहार, असलं पुस्तक न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर. नंबर यायचा असतो, उठून जाता येत नाही, तोवर गोष्ट धरते. एका भांडकुदळ पोरीला तिनं डोंगरातल्या प्रवासाचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, घरचे जोतिबाला जातील तेव्हाच उघडायचं, तेही देवळाच्या पायऱ्यांवर, खाली सगळा मुलूख दिसतो तिथं. पोरीनं महिनाभर पुस्तक उघडलं नाही. घरच्यांच्या मागं लागून लागून जोतिबाला गेली. गुलालानं माखलेलं पुस्तक परत आणून दिलं आणि म्हणाली, "आक्का, ढग खाली हुते."

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते तिनं मला एकदा सांगितलेलं. लहानपणी कुरुंदवाडला ती घाटाच्या पायरीवर बसून पहिली कादंबरी वाचत होती, पाय पाण्यात सोडून. "गोष्ट इसरले मी, वैनी. नाव बी इसरले. पर अजून कुठली बी कादंबरी उघडली की पाय गार पडत्यात बघ." असं म्हणून तिनं खरंच पाय जवळ घेतले. मी म्हटलं, आक्का, तू येडी हैस. ती हसली.

संध्याकाळी दुकानाच्या दारात उभं राहिलं की मला गंमत वाटायची. कुठल्या भिंतीवर, कुठल्या जिन्यात, कुणाच्या म्हशीच्या गोठ्याशेजारी आक्कानं बसवलेलं एकेक पोर. हात पुस्तकात आणि जीव कुठल्या कुठं. पेठ नेहमीसारखी बोंबलत असायची, गाड्या हॉर्न मारत असायच्या आणि मधेच ही पोरं गप. पेठेलाच कुणीतरी जागोजागी डुलकी लावलेय असं वाटायचं.

त्यात हे निळं पुस्तक. ते माझ्या पायरीवरचं.

कुणाला मिळायचं ते? कुणाच्या घरची म्हैस विकली, कुणाची जिवलग मैत्रीण पुण्याला राहायला गेली, कुणाचे आजोबा गेले, त्याला. तालमीतला विश्वजित नावाचा पोरगा, सातवीतला, गावच्या मैदानात सगळ्यांदेखत चितपट झाला. घरी आला तर बाप म्हणाला, पैलवानाचं पोरगं रडत नसतं. पोरानं बोलणंच सोडलं. चौथ्या दिवशी माझ्या पायरीवर हजर, मांडीवर निळं पुस्तक. थोडी पानं उलटली आणि जे रडला म्हणता, खांदे हलत होते नुसते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. पेठेत सगळ्यांना माहीतच झालेलं, निळं पुस्तक लई रडवतं. आया आपसांत म्हणायच्या, काय लिहिलंय बाई त्यात, आमचा दगड बी पाझरला.

त्या पुस्तकाला निळा पुठ्ठा चढवला होता धोंडीरामकाकांनी. काका म्हणजे आक्काचा नवरा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. माडीवरची सगळी फाटकी पुस्तकं तेच शिवायचे. पिठाची खळ करायचे, दोरा ओढायचे, पुठ्ठा दाबून धरायचे. हात वर्कशॉपचे, जाडजूड. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या खळीत त्यांचा अंगठा उठलेला असायचा. पोरं हसायची, "काकांचा शिक्का" म्हणायची. आक्का चिडायची, "आवो, जरा पुसा की." ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. पुस्तक हरवलं तर माझ्याच दारात येईल."

संक्रांतीच्या आसपास काका गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि गेले. आजार नाही, काही नाही.

आणि मीनाआक्का रडली नाही.

बायका गळ्यात पडून रडल्या, ती त्यांनाच थोपटत होती. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे काकांच्या दिवसकार्याच्या दिवशी पांढऱ्या साडीत सगळ्यांना पाणी देत फिरत होती, पावण्यांना बसायला जागा करून देत होती. पुढच्याच आठवड्यात तिनं माडी उघडली. झाडून काढली. पोरं वर गेली. मोना, माझी पोरगी, तेव्हा सातवीत, ती धावत खाली आली आणि मला म्हणाली, "आई, आक्कानं इचारलंच न्हाय."

"काय इचारलं न्हाय?"

"तोंड का वाकडं. नुसतं म्हणाली, घे तुला पायजे ते."

घे तुला पायजे ते! बाजारात भाजी असते तसं. पोरं कपाटापुढं उभी राहायची, एखादं ओढायची, जागा कुणी सांगायचं नाही, घरी नेऊन तशीच परत आणायची. न्हाव्याचा बाक मोकळा पडला. रंकाळ्यावर कुणी जाईना. आक्का खिडकीत बसून खाली आखाड्याकडं बघत राहायची. पोरं माती उकरायची, एकमेकांशी झोंबायची आणि ती त्यांच्याकडं बघतेय की नाही तेही कळायचं नाही. मी एकदा गेले आणि तोंडावर बोलले, "आक्का, रड की गं एकदा. असं कोंडून घेऊन मरशील तू." ती म्हणाली, "येत न्हाय, वैनी." मीठ संपलंय सांगावं तशी म्हणाली. मी खाली आले आणि दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसत राहिले. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. काका गेले ते गेलेच, आता आक्का पण बसल्या जागेवरून निघून चालली, असं मला वाटत होतं.

मार्चात मोनानं निळं पुस्तक घरी आणलं. आक्का जागा सांगत नव्हतीच. मग पोरगी आपली पलंगावर पडून वाचत बसली. मी भाकऱ्या थापत होते. वाचून झालं तशी ती स्वयंपाकघरात आली आणि पुस्तक माझ्यापुढं नाचवत म्हणाली, "आई, ह्यात रडण्यासारखं काय बी न्हाय!"

"असं कसं न्हाय? सगळी पेठ रडली की."

"एक रेडकू हरवतंय. पोरगा हुडकतोय. रानात हिंडतोय, लई झाडं, लई पाखरं. शेवटाला रेडकू गावतंय. संपलं. कोण मरत बी न्हाय!"

भाकरी तव्यावर तशीच राहिली. मी मोनाकडं बघितलं, मोनानं माझ्याकडं. माझ्या ओच्याला तेव्हाही मिरचीचा वास येत होता. दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. माझी पायरी! डंक चालू, वारं बाहेरच्या बाजूला, सगळी लाल धूळ पायरीवर. तिथं बसून लग्नपत्रिका वाचली तरी माणूस रडेल की.

मला आधी हसू फुटलं. इतकी वर्षं ह्या बाईनं अख्ख्या पेठेला बनवलं! मग म्हटलं, थांब, त्या विश्वजितला विचारते. तो दुसऱ्या दिवशी घरची मिरची घेऊन दुकानात आला होता. मी विचारलं, "काय रं, त्या पुस्तकात काय न्हाय म्हणं. माझ्या मिरचीनं रडलास व्हय तू?"

पोरगं पोत्याची गाठ सोडत होतं. वर न बघता म्हणालं, "म्हाईत हाय की, काकू. बसल्या बसल्याच कळलंवतं."

"मग उठला न्हाईस ते?"

"उठून कुठं जाऊ? तालमीत रडू? का घरात बापापुढं? हितं रडलं तर कोण काय म्हणत न्हाय. पुस्तकानं रडलं म्हणत्यात, न्हायतर मिरचीनं."

माझं हसू तिथंच थांबलं. मी त्याच्या मिरच्या उखळात ओतल्या आणि डंक चालू केला. आक्कानं कुणाला फसवलं नव्हतं. पेठेत रडायला जागा नव्हती, ती तिनं शोधून ठेवली होती, माझ्या दारात. आणि मी येड्यासारखी पोरांना हाकलत होते.

मोना आणि विश्वजितनं मिळून पुढचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरं माडीवर गेली. तिथं काय झालं ते मोनानं सांगितलं. आक्का खिडकीत बसली होती. मोना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात, थेट आक्कासारखी. म्हणाली, "आक्का, आज तोंड का वाकडं?"

आक्का बघतच राहिली. बाकीची पोरं श्वास धरून उभी. मोनानं कपाटाकडं बघितलं, आक्का बघायची तसं, डोळे बारीक करून. मग निळं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

"हे वाचा."

आक्कानं पुस्तक उलटं केलं, सुलटं केलं. मग विचारलं, "कुठं बसून?"

"ते तुमालाच म्हाईत हाय," मोना म्हणाली आणि तिला रडूच आलं. तिथं तर मिरची पण नव्हती.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुपार झालेली. शेवटच्या गिऱ्हाइकाची चटणी चाळून दिली होती, डंक बंद केला होता. नवरा आत जेवायला बसला होता. मी टेकून बसले होते, डोळे मिटत आले होते. रस्ता उन्हानं पांढरा पडलेला. त्या पांढऱ्यातून कुणीतरी सावकाश चालत येत होतं, हातात काहीतरी निळं. मला वाटलं सपानच पडलंय. मग चपला वाजल्या आणि मीनाआक्का माझ्या पायरीवर बसली. माझ्याकडं पाठ करून. गुडघ्यावर पुस्तक ठेवलं आणि उघडलं.

मी हलले नाही. समोर माडीच्या खिडकीत पोरांची डोकीच डोकी.

आक्कानं पहिला पुठ्ठा उघडला आणि तिथंच थांबली. पान पुढं जाईना. मी मान लांब करून बघितलं. वाळलेल्या खळीत काकांचा अंगठा उठला होता. तिनं आपला अंगठा त्याच्यावर ठेवला. तिचा अंगठा त्यात बुडून गेला, एवढा काकांचा मोठा. मग मागं न वळता म्हणाली, "वैनी."

"काय गं?"

"डंक बंद हाय व्हय?"

मी म्हटलं, "कोण म्हणतंय बंद? आत्ता लावतच हुते की."

उठले. दुकानात कुणाचीच मिरची उरलेली नव्हती. फक्त आमच्या घरच्या वर्षाच्या चटणीसाठी काढून ठेवलेला डबा होता. संकेश्वरी मिरची, स्वतः निवडलेली, देठ खुडलेली, तेलावर भाजलेली. मी तो डबा उखळात ओतला आणि बटण दाबलं. धाड, धाड, धाड. पत्रा हादरायला लागला. लाल धूळ उठली, उन्हात तरंगली, आणि वाऱ्याबरोबर हळूहळू दाराबाहेर पायरीकडं गेली.

आधी आक्काचे खांदे हलले. मग ती पुस्तकावर वाकली. डंकाच्या आवाजात तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, पेठेला नाही, समोरच्या पोरांनाही नाही. मी जवळ होते म्हणून मला गेला. ती काकांना हाका मारत होती. "आवो, आवो," एवढंच.

आतून नवरा ओरडला, "अगं, कुणाची मिरची घातलीस? किती येळ चाललंय? बंद कर की!" मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मिरची कधीच बारीक झालेली. मुसळं उगाच पडत होती, उखळ झिजत होतं. झिजू दे. मी हात डंकाच्या बटणावर ठेवून उभी राहिले आणि उन्हातली धूळ बघत राहिले. वर जात होती, खाली येत होती.

ऊन पायरीवरून उतरलं तशी आक्का गप्प झाली. पदरानं तोंड पुसलं. पुस्तक मिटलं. तेव्हा मी बटण बंद केलं. एवढी शांतता झाली की तालमीतल्या घागरीवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

आक्का माझ्याकडं वळली. डोळे लालभडक.

"लई तिखट हाय गं, वैनी," ती म्हणाली.

"संकेश्वरी हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. माझ्या डोळ्यांना मिरची लागत नाही, हे तिलाही माहीत आहे. तिनं आपला पदर पुढं केला. मी त्यानंच तोंड पुसलं.

सोमवारी मोना माडीवरून खाली आली ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत. हातात नवी कादंबरी, आणि ती वाचायला तिला म्हणे दूध कट्ट्यावर बसायचं होतं, समोर धार काढून दूध विकतात तिथं, म्हशींच्या रांगेत. मी म्हटलं, जा. पायरीवर एक नवीन पोरगी निळं पुस्तक घेऊन बसली होती. तिला ओरडले नाही, आतून पाट आणून दिला.

त्या वर्षी आमच्या घरची चटणी पिठासारखी बारीक झाली. भाकरीवर घेतली की दिसतसुद्धा नाही. नवरा अजून जेवताना विचारतो, ही अशी कशी गं झाली. डुलकी लागलेली, म्हणून सांगते.